थेरपीची भाषा कोणती?

‘चार’ म्हणून पाहा. आता ‘चारा’ म्हणा.

दोन्ही शब्दांत अक्षर एकच, पण जीभ दोन वेगळ्या जागी जाते. ‘चार’मधला च टाळूवरून निघतो. ‘चारा’तला दातांच्या मागून, थोडासा ‘त्स’कडे झुकून येतो. मराठी घरात वाढणारं मूल हा फरक कुणी न शिकवता उचलतं. कन्नडमध्ये मात्र हा दुसरा च नाही.

आता समजा, भालकी तालुक्यातलं चार वर्षांचं एक पोर उच्चार नीट नाहीत म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी स्पीच थेरपिस्टसमोर बसलं आहे. थेरपिस्ट मन लावून काम करणारी आहे, पण कन्नड बोलणारी. गाईचं चित्र पाहून पोर म्हणालं, ‘गाय चारा खाते.’ तिच्या कानाला तो च खटकला, तिनं कागदावर फुली मारली, आणि पुढचे तीन आठवडे आई घरी नसलेली चूक दुरुस्त करत बसली. याच्या उलटही होऊ शकतं. पोर खरंच च च्या जागी त म्हणत असेल आणि ‘यांच्या मराठीत असंच म्हणत असतील’ असं समजून थेरपिस्ट ते सोडून देईल. दोन्हीकडे दोष कुणाचाच नाही. पण थेरपी कोणत्या भाषेत चालली आहे हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर नुकसान पोराचंच होतं.

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत हा प्रश्न रोजचा आहे. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी उर्दू आणि तांड्यावर लमाणी असा कारभार असतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत ते महाराष्ट्राच्या बाजूला गेले, भालकी-औराद कर्नाटकच्या बाजूला राहिले. सोयरीक मात्र तुटली नाही आणि दवाखान्याची वाटही बदलली नाही. म्हणून आजही इथला बाप आजारी पोराला घेऊन कधी उदगीर-लातूरची एसटी धरतो, कधी सोलापूरची, कधी हैदराबादची. बंगळूर सहा-सातशे किलोमीटर दूर. एखादं ऑपरेशन असेल तर माणूस तेवढं लांब जाऊन येतो. थेरपी मात्र आठवड्याला करायची असते, वर्षानुवर्षं. ती लांबच्या गावाला होत नाही.

तीन नावं, एक मूल

‘थेरपी लावा’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा त्यात साधारण तीन वेगळी कामं येतात.

फिजिओथेरपी शरीराच्या मोठ्या हालचाली बघते: मान धरणं, बसणं, उभं राहणं, चालणं, तोल. स्पीच थेरपी ऐकणं, समजणं, बोलणं बघते, आणि पुष्कळांना माहीत नसतं ते म्हणजे चावणं-गिळणंही बघते. तिसरी ऑक्युपेशनल थेरपी. सरकारी मराठीत तिला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात आणि तिथंच घोटाळा होतो. दोन वर्षांच्या मुलाला कसला आला व्यवसाय? पण मुलाचा व्यवसाय असतोच: खेळणं, घास तोंडात घालणं, बटण लावणं, पेन्सिल धरणं, अंघोळीला न रडता बसणं. ही कामं त्याला स्वतःला जमावीत यासाठीचे उपचार ते हेच.

या तिसऱ्या शास्त्राचं भारतातलं मूळ मराठी घरात आहे. एलिझाबेथ लुंडी ही अमेरिकेतल्या क्वेकर कुटुंबातली मुलगी विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये या थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकारानं. फलटणचं ‘कमला निंबकर बालभवन’ हे शाळेचं नाव ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना ते कुणाचं नाव आहे हे आता कळेल.

तीन थेरप्या वेगळ्या शिकवल्या जातात, पण पोर एकच असतं. मान स्थिर नसेल तर घास नीट गिळता येत नाही. बसता येत नसेल तर दोन्ही हात टेकण्यात अडकतात, खेळायला मोकळे राहत नाहीत. खेळायला हात नसतील तर ‘हे काय आहे?’ म्हणून बोट दाखवायचं राहून जातं, आणि बोट दाखवणं ही बोलण्याची पहिली पायरी. म्हणून चांगल्या केंद्रात तिघं एकमेकांशी बोलतात आणि आईला तीन वह्या न देता एकच देतात.

‘बोलेल हो, बापही उशिराच बोलला होता’

हे वाक्य किती पोरांची वर्षं खाऊन गेलं असेल याची मोजदाद नाही. त्याच्या जोडीला वेखंड चाटवणं असतं, पोपटानं टोचलेला पेरू खायला घालणं असतं, ‘जीभ जड आहे’ हे निदान असतं. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे सगळं सुरळीत होतं. पण त्यातलं कोणतं मूल तसं आणि कोणतं नाही, हे आजीच्या अनुभवावर ठरत नाही. ते तपासावं लागतं.

पाच राज्यांतल्या पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवा आणि हैदराबादही होतं, केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ऐकणं, बघणं, हालचाल, बोलणं, आकडी, ऑटिझम, बुद्धी, शिकणं अशा मज्जासंस्थेच्या विकासाशी निगडित अडचणींपैकी किमान एक अडचण २ ते ६ वर्षांच्या ९.२ टक्के आणि ६ ते ९ वर्षांच्या १३.६ टक्के मुलांत आढळली. म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गात चार-पाच. ही मुलं विरळ नाहीत. दिसत नाहीत, इतकंच.

बाळ किती महिन्यांचं असताना काय करतं याचा हिशेब आपल्याकडे आपल्याच बाळांवरून केलेला आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय अर्भकांच्या विकासाची मोजपट्टी तयार केली आणि ती आजही बालविकास केंद्रांत वापरात आहे. मोजपट्टी तज्ज्ञांनी लावायची. घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं: तीन महिन्यांनंतरही बाळ ओळखीचं हसत नाही, पाच महिन्यांनंतरही मान डुगडुगते, दहाव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी बा-बा, दा-दा नाही आणि टाटाही करत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही किंवा अर्थाचा एकही शब्द नाही, दोन वर्षांनी ‘आई ये’सारखे दोन शब्द जोडत नाही, तर दाखवायचं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, वर्षाच्या आतच एकच हात पुढे येतो आणि दुसऱ्याची मूठ मिटलेलीच राहते, तरीही दाखवायचं. आणि येत असलेलं काही, शब्द असो की खेळ, हरवलं तर वय कितीही असो, थांबायचंच नाही. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून मात्र ते दोन महिने वजा करून मग मोजायचं.

बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नव्हतं, वजन फार कमी होतं, कावीळ वाढून निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, आकडी आली, काचेच्या पेटीत राहिलं, अशी कुठलीही गोष्ट घडली असेल तर लक्षणांची वाटच बघायची नाही. कावीळ फार चढली तर तिचं पिवळं द्रव्य मेंदूतल्या हालचालीच्या आणि ऐकण्याच्या केंद्रांत साचतं, म्हणून अशा बाळाचं चालणं आणि ऐकणं दोन्ही तपासून घ्यावं. या भागात मामा-भाचीचं, मामेबहिणीशी लग्न होतं. बहुतेकांची मुलं धडधाकट असतात, पण दोघांकडून एकच दबलेला दोष बाळात येण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते आणि जन्मजात बहिरेपण हे त्याचं एक रूप आहे.

ऐकण्याची घरगुती परीक्षा हमखास फसते. मागून टाळी वाजवली, पोर वळलं, म्हणजे ऐकू येतं! पण पोर हवेच्या झोताला वळतं, सावलीला वळतं, आईच्या नजरेला वळतं. खरी तपासणी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडाचं छोटं यंत्र ठेवतात. ते बारीक आवाज सोडतं, आणि आतल्या कानाच्या पेशी शाबूत असतील तर उलट एक प्रतिध्वनी येतो. काही मिनिटांचं काम, दुखत नाही. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाला त्यापुढची बेरा तपासणी लागते, कारण कान ठीक असून पुढची नस आवाज पोहोचवत नसण्याची शक्यता असते. जगभरचा नियम असा: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाची मशीन आणि थेरपी सुरू. बोलणं कानातून शिरतं. ते दार उशिरा उघडलं तर आतली खोली दुसऱ्याच कामाला लागलेली असते.

पांगुळगाडा आणि वॉकर

आपल्या जुन्या घरांत लाकडी पांगुळगाडा असायचा. तीन चाकं, धरायला आडवी दांडी. पोरानं उभं राहायचं, दांडी धरायची, ढकलायची. भार स्वतःच्या तळपायांवर. तोल गेला की बसायचं, पुन्हा उठायचं. आता त्याच्या जागी प्लॅस्टिकचा गोल वॉकर आला आहे, ज्यात पोर झोळीत बसतं आणि चवड्यांनी जमीन ढकलत घरभर पळतं. दिसायला पोर चालतंय, प्रत्यक्षात ते बसलेलं आहे. तोल सांभाळायचा नाही, टाच टेकायची नाही, पाय बघायचे नाहीत. उलट उंबऱ्यावरून पडून डोक्याला मार लागण्याची भीती. कॅनडानं २००४ मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी घातली. पांगुळगाडा आणि वॉकर यांतला फरक कळला की फिजिओथेरपीतला अर्धा विचार कळला: मूल स्वतः जे करतं त्यातून शिकतं. त्याच्यासाठी दुसऱ्यानं केलेल्या गोष्टीतून शिकत नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबाबत हे फार महत्त्वाचं आहे. वाढत्या मेंदूला जन्माच्या आगेमागे इजा होते आणि स्नायूंना जाणारे हुकूम बिघडतात. ती इजा पुढे वाढत नाही. पण पाय आखडत जातात, खुबा निखळू शकतो, म्हणून ‘इजा वाढत नाही ना, मग बघू पुढे’ हा हिशेब चुकतो. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या मुलांवरच्या उपचारांचे पुरावे एकत्र करून त्यांना सिग्नलचे रंग दिले: हिरवा म्हणजे करा, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे नको. हिरव्यात काय आलं? मुलाला हवं असलेलं एखादं काम निवडून तेच पुन्हा पुन्हा स्वतः करायला लावणं, घरी सराव, एका बाजूचा हात अशक्त असेल तर चांगल्या हाताला काही वेळ मोजा घालून अशक्त हाताला कामाला लावणं. थेरपिस्टनं नुसते हातपाय ताणून देण्याला तेवढा जोर मिळाला नाही.

मालिश वाईट नाही. तेल, ऊन, आईचा हात, बोलणं, या सगळ्यात पोर सुखावतं. पण तास-तास रगडलं म्हणजे थेरपी झाली असं नाही. त्यापेक्षा पोराला लाकडी पाटावर बसवा, पाय जमिनीला टेकवा, समोर उंचावर आवडीची वस्तू धरा, आणि ती घ्यायला त्याला उठू द्या. आधार कंबरेला, तोही रोज थोडा कमी. दिवसभरात अशा तीस उठबशा झाल्या तर तो व्यायामही झाला आणि खेळही.

आणखी एक गोष्ट घरोघरी बघायला मिळते आणि ती धोक्याची आहे: आखडलेल्या पोराला मांडीवर आडवं झोपवून, कधी नाक दाबून पेज पाजणं. डोकं मागे गेलं की श्वासाची वाट उघडी राहते आणि पेज फुफ्फुसात उतरते. सारखा खोकला, सारखा न्यूमोनिया यामागे पुष्कळदा हेच असतं. पोर बसतं हवं, पाठ टेकलेली, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालून, घास घट्टसर. त्यासाठी कोपऱ्यात बसणारी, पुढे पाट असलेली खुर्ची लागते, ती गावातला सुतार करून देतो. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या आहोया या डोंगराळ खेड्यात दिव्यांग तरुणांच्याच हातून असली साधनं घडवून घेतली आणि १९८७ मध्ये त्या अनुभवावर चित्रांनी भरलेलं जाडजूड पुस्तक लिहिलं. खेड्यात लागणारं बरंचसं साहित्य खेड्यातच बनतं, हे त्यातून जगाला कळलं.

झोका, पीठ आणि लग्नाचा बँड

पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत पाठ केली. थेरपिस्ट आणखी दोन मोजतात. एक, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय. ते डोकं कुठं कललं, वेग किती, हे सांगतं. दुसरं, स्नायू-सांध्यांतली जाण, जिच्या जोरावर आपण अंधारातही घास बरोबर तोंडात घालतो. या सातही वाटांनी येणारी माहिती मेंदू जुळवतो, आणि काही मुलांत हे जुळणं अवघड जातं, असा विचार अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी मांडला. त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं.

असं मूल ओळखू येतं. लग्नाचा बँड वाजला की कान दाबून किंचाळतं, नखं कापू देत नाही, वाळूवर पाय ठेवत नाही, फक्त कोरडी बिस्किटं खातं. किंवा अगदी उलट: सारखं गिरक्या घेतं, भिंतीवर आदळतं, पडलं तरी रडत नाही. घरचे म्हणतात हट्टी, शाळा म्हणते वांड. पोराच्या बाजूनं बघितलं तर एकाला जगाचा आवाज फार मोठा लागला आहे आणि दुसऱ्याला फार बारीक.

उपाय म्हणून शहरात झुले, चेंडू, जाळ्या यांनी सजवलेली खोली असते. खेड्यात त्या खोलीतल्या कितीतरी वस्तू आधीपासून आहेत. झाडाचा झोका आहे. पाण्यानं अर्धी भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलून आणणं आहे, त्यात स्नायूंना भरपूर काम मिळतं. ज्वारीचं पीठ मळणं आहे: आधी कोरड्या पिठात बोटं, मग थोडं ओलं, मग तळव्यानं दाब, मग दोन्ही हातांनी थाप. एक हात फिरवतो, दुसरा थापतो, म्हणजे दोन हातांना वेगवेगळी कामं एकाच वेळी. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या तुरीच्या परातीत हात खुपसून लपवलेली गोटी शोधणं हा बोटांसाठी उत्तम खेळ आहे. फक्त समोर मोठं माणूस बसलेलं हवं, कारण दाणा नाकात किंवा घशात जायला क्षण लागत नाही. आणि ज्या मुलाला पिठाची किळस येते त्याचा हात धरून परातीत कोंबायचा नाही. आधी चमच्यानं, मग बोटाच्या टोकानं, त्याच्या चालीनं.

इथं एक खरं सांगायला हवं. या संवेदनांच्या थेरपीचे पुरावे अजून कच्चे-पक्के आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१२ मध्ये पालकांना हेच कळवायला सांगितलं. म्हणून महागडं पॅकेज घेण्याआधी थेरपिस्टला सरळ विचारावं: दोन महिन्यांत नेमकं काय बदलायला हवं? नखं कापताना रडणं कमी होणार की वर्गात दहा मिनिटं बसणार? उत्तर ठरवा, लिहून ठेवा, दोन महिन्यांनी बघा. बदल नसेल तर रस्ता बदला.

पाणी, नीरु, पानी

आता बोलण्याकडे. सीमाभागातल्या पालकांना सगळ्यात जास्त ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘घरात एकच भाषा बोला’. बहुतेक वेळा ती एक भाषा मराठी नसते. शाळा कन्नड आहे, म्हणून कन्नड बोला. पुढे नोकरी आहे, म्हणून इंग्रजी बोला. मग जिला धड चार वाक्यं कन्नड येत नाहीत अशी आई पोराशी मोडकं-तोडकं, आज्ञेपुरतं बोलते: बा, कूत्को, तिन्नू. गोष्ट नाही, गाणं नाही, थट्टा नाही. बोलायला उशीर झालेल्या पोराच्या वाट्याला असलेली भाषाही आटते.

दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं बोलणं बिघडतं याला आधार नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषक मुलांचा कॅनडात अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. एकभाषक मुलांपेक्षा ती मागे नव्हती, आणि दुसरी भाषा त्यांना वर मिळालेली होती. खरी खूण वेगळी आहे आणि ती प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लिहावी अशी आहे: अडचण खरी असेल तर ती पोराच्या सगळ्या भाषांत दिसते. घरी मराठीत भांडणारं, गोष्टी सांगणारं पोर कन्नड अंगणवाडीत तीन-चार महिने गप्प बसलं, तर ते नवी भाषा कानात साठवत असतं. तो आजार नाही. पण घरीही, आजीशीही, खेळतानाही शब्द नसतील, तर भाषेला दोष न देता तपासायला न्यावं.

शब्द मोजतानाही असाच न्याय हवा. एखादं पोर आईला ‘पाणी’, शेजारच्या अक्काला ‘नीरु’ म्हणत असेल तर ते गोंधळलेलं नाही. कुणाशी काय बोलायचं हे त्याला कळलं आहे. दहा शब्द मराठीचे आणि आठ कन्नडचे असतील तर थेरपिस्टला अठराही सांगा. फक्त कन्नडचे आठ ऐकून ‘फार मागे आहे’ असा शेरा पडू देऊ नका.

घरी करायचं काय? भाकरी थापताना पोराला समोर बसवा, तोंड समोरासमोर. ‘पीठ. पाणी घालू? पाणी. थाप, थाप, थाप.’ छोटी वाक्यं, त्याच्यापेक्षा एकच पायरी वरची. तो एक शब्द बोलतो, तुम्ही दोन बोला. मग थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. पोराच्या डोक्यात शब्द जुळायला वेळ लागतो आणि आपण घाईनं त्याची पाळी खाऊन टाकतो. ‘केळ की बिस्कीट?’ असं दोन्ही हातांत धरून विचारा, बघणं, हात पुढे करणं, आवाज काढणं, काहीही केलं तरी ते उत्तर धरा आणि शब्द तुम्ही म्हणा. ‘आधी बोल, मग देते’ हे मात्र नको. त्यानं पोर बोलायला शिकत नाही, मागायचं सोडतं.

ज्यांना तोंडानं बोलणं जमणारच नाही त्यांच्यासाठी चित्रं आहेत. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या अभिकल्प विभागानं ‘जेलो’ नावाचं मोफत अ‍ॅप केलं आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही. चित्रांची सवय लागली तर तोंडचं बोलणं थांबेल ही भीती निराधार आहे. आपलं म्हणणं पोहोचतं हे कळल्यावर उलट बोलायची हौस वाढते.

दार कुठं ठोठावायचं

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. नेमकं ‘चार लोकांत नको’ म्हणून दिव्यांग पोरालाच घरी ठेवलं जातं. पथकाच्या चिठ्ठीवर जिल्हा पातळीच्या डीईआयसी, म्हणजे लवकर उपचार केंद्राकडे पाठवतात. योजनेनुसार तिथं बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, नेत्रतपासनीस, विशेष शिक्षक असायला हवेत. कोण कोणत्या वारी बसतं हे फोन करून विचारून मगच बस धरा.

गावात पहिली ओळख ठेवावी ती ग्रामपंचायतीच्या पुनर्वसन कार्यकर्त्याशी. कर्नाटकात त्यांना व्हीआरडब्ल्यू म्हणतात, तालुक्याला एमआरडब्ल्यू. ते बहुधा स्वतः दिव्यांग असतात आणि कागद कुठं अडतो हे त्यांना पाठ असतं. शाळेच्या वयाच्या मुलासाठी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात समावेशक शिक्षणाचे बीआयईआरटी शिक्षक असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या आहेत. दिव्यांगतेचं यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, म्हणजे कार्ड कर्नाटकचं आणि उपचार लातूरला असं झालं तरी ओळख तीच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगता असलेल्यांना नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाखापर्यंत आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

सखोल तपासणीसाठी बीदरकरांना सगळ्यात जवळची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादची, बौद्धिक दिव्यांगतेसाठी १९८४ मध्ये स्थापन झालेली एनआयईपीआयडी. ऐकण्या-बोलण्यासाठी मैसूरची १९६५ ची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे, आणि मराठीत तपासणी हवी तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘संवेदना’ केंद्र आहे. वर्षातून एकदोनदा अशा ठिकाणी जावं, आराखडा घेऊन यावा आणि रोजचं काम गावात करावं. स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन ऑटिझम घालवतो म्हणणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळानं २०२२ मध्येच तो उपचार शिफारस करण्याजोगा नाही असं सांगितलं आहे. जमीन विकून असले प्रयोग करू नयेत.

आठवड्याचे ऐंशी तास

लहान मूल आठवड्याला साधारण ऐंशी तास जागं असतं. नेमानं थेरपीला नेलं तरी त्यातला एक तास थेरपिस्टकडे जातो. उरलेल्या एकोणऐंशी तासांचं काय, यावर गोव्यात एक महत्त्वाचं काम झालं. ‘संगत’ या संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटानं मिळून ऑटिझम असलेली २ ते ९ वर्षांची ६५ मुलं घेतली. थेरपिस्ट नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी निम्म्या मुलांच्या पालकांसोबत काही महिने काम केलं. पद्धत साधी: आई आणि मूल खेळताना चित्रफीत घ्यायची, मग दोघांनी बसून ती बघायची. इथं मुलानं तुमच्याकडे बघितलं, तुम्ही काय केलंत? इथं तुम्ही थोडं थांबला असता तर? सुरुवातीपासून आठ महिन्यांनी या पालकांचं मुलाच्या चालीनं चालणं वाढलं होतं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली होती. ऑटिझम बरा होईल असा दावा कुणी केला नव्हता आणि तसं झालंही नाही. पण पोर आपणहून आईकडे वळू लागणं ही ज्यांनी वाट बघितली आहे त्यांना किती मोठी गोष्ट वाटते, ते त्यांनाच विचारावं.

फोन आज खेड्यातही बहुतेक घरांत आहे. दोन मिनिटं खेळ टिपून घ्या आणि रात्री नवरा-बायको मिळून बघा. पुढच्या खेपेला तो थेरपिस्टलाही दाखवा. पोर घरी काय करतं, कोणत्या भाषेत करतं, हे तिला खोलीत बसून कळत नाही.

आणि एक काम लगेच करण्यासारखं आहे. थेरपीच्या केसपेपरवर नाव, वय, गाव, वजन असे रकाने असतात. घरच्या भाषेचा रकाना बहुधा नसतो. नसला तर वरच्या कोपऱ्यात पेननं आपण लिहावा: घरची भाषा मराठी.